विद्यापीठ बदलले, तरी शिक्षण वाया जाऊ नये

श्रेयांक हस्तांतरणाची ओळख : गागोदे बुद्रुकच्या निमित्ताने

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे लहानसे गाव आचार्य विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून सर्वांना परिचित आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म येथे झाला आणि बालपणाची पहिली वर्षे त्यांनी आजोबा शंभुराव यांच्या छायेत याच गावी घालविली. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असल्याने पुढे सारे कुटुंब तेथे गेले. विनोबांचे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण बडोद्यास झाले. घरातील कर्त्या माणसाच्या नोकरीमुळे मुलांची शाळा व प्रांत बदलणे ही आजच्या घरोघरची गोष्ट त्या काळीही होती.

विनोबांच्या चरित्रातील एक प्रसंग शिक्षकवर्गाला चांगला ठाऊक आहे. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते बडोद्याहून मुंबईस निघाले, पण वाटेत सुरतेस उतरून त्यांनी काशीची वाट धरली. त्यापूर्वीच आपली प्रमाणपत्रे त्यांनी घरच्या चुलीत टाकली होती. या प्रसंगातील त्यागाची आठवण आपण नेहमी काढतो. त्यातील एका साध्या प्रश्नाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. बडोद्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेसाठी मुंबईस का जावे लागत होते?

त्याचे उत्तर असे की, बडोदा महाविद्यालय त्या काळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे प्रारंभी मुख्यतः परीक्षा घेणारे व पदवी देणारे विद्यापीठ होते. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे आणि पारख करण्याचे काम विद्यापीठाचे, अशी ती विभागणी होती. बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ १९४९ साली मिळाले. विद्यार्थी कोठे शिकला यापेक्षा त्याच्या शिक्षणाची नोंद कोणाच्या दप्तरी आहे, यावर त्याचे भवितव्य ठरत असे. आजच्या लेखाचा विषय हाच आहे. विद्यार्थ्याने एका ठिकाणी घेतलेले शिक्षण दुसऱ्या विद्यापीठाने कसे मानावे, ते मानले जावे म्हणून कोणती व्यवस्था उभी राहिली आहे आणि गावपातळीवर आपण त्यासाठी काय केले पाहिजे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

विद्यापीठे वाढली, सीमाही वाढल्या

महाराष्ट्रातील विद्यापीठांचा इतिहास पाहिला, तर शिक्षणाची सोय जसजशी जवळ आली तसतशा विद्यापीठांच्या हद्दीही वाढत गेल्या असे दिसते. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि तोपर्यंत मुंबईकडे असलेल्या अनेक जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याकडे आली. मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती त्याच्या कक्षेत आली. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, १९८३ साली अमरावती, १९९० साली जळगाव, १९९४ साली नांदेड, २००४ साली सोलापूर आणि २०११ साली गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ, असा हा क्रम आहे. गोव्यातील महाविद्यालयेही १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती.

या विस्तारामुळे खेड्यापाड्यांतील मुलांना जवळपास पदवीपर्यंतचे शिक्षण मिळू लागले, हा मोठाच लाभ झाला. परंतु प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम वेगळा, विषयांची जोडणी वेगळी, गुणांची पद्धत वेगळी. नद्या व डोंगर ओलांडणे सोपे झाले, पण विद्यापीठांच्या हद्दी ओलांडणे अवघडच राहिले. मान्यतेचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो याचे एक बोलके उदाहरण महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचे आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. तोपर्यंत तेथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान काही कमी नव्हते. कायद्याच्या मान्यतेची मोहोर मात्र त्यावर नव्हती.

प्रस्तुत लेखकालाही याचा थोडा अनुभव आहे. वडिलांच्या बदलीमुळे कला शाखेचे पहिले वर्ष एका विद्यापीठात आणि दुसरे वर्ष दुसऱ्या विद्यापीठात करण्याची वेळ आली. स्थलांतर प्रमाणपत्र मिळण्यास उशीर झाला. ते मिळाले तेव्हा पहिल्या वर्षाचा एक विषय नव्या अभ्यासक्रमाशी जुळत नसल्याचे सांगण्यात आले. दोन्ही ठिकाणचे कर्मचारी आपापल्या नियमाप्रमाणे वागत होते. परिणाम इतकाच झाला की उत्तीर्ण झालेल्या वर्षाचा अभ्यास पुन्हा करावा लागला. आमच्या घरी ते निभावले. पण ज्या घरात मुलाचे, त्यातही मुलीचे शिक्षण दर वर्षी नव्याने मंजूर करून घ्यावे लागते, तेथे असे एक वर्ष गेले की शिक्षणच संपते.

श्रेयांक म्हणजे काय?

या अडचणीवरील उपाय म्हणून श्रेयांक पद्धतीकडे पाहिले जाते. इंग्रजी 'क्रेडिट' या संज्ञेसाठी आपल्याकडे 'श्रेयांक' हा शब्द रूढ झाला आहे. परीक्षेतील गुण विद्यार्थ्याला विषय किती चांगला समजला हे सांगतात. श्रेयांक त्याने त्या विषयासाठी किती अभ्यास पूर्ण केला हे सांगतो. भाताचा दर्जा आणि भाताचे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुण म्हणजे दर्जा, श्रेयांक म्हणजे माप. पायली सर्वत्र सारखी असेल, तरच एका बाजारातील माल दुसऱ्या बाजारात मोजता येतो.

हे माप असे ठरविलेले आहे. साधारणपणे एका सत्रात १५ तासांचे अध्यापन, अथवा ३० तासांचे प्रात्यक्षिक, म्हणजे एक श्रेयांक. २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्गातील अध्यापन, प्रात्यक्षिक, स्वाध्याय व परीक्षा मिळून ३० तासांचे अध्ययन म्हणजे एक श्रेयांक धरला जातो. वर्षाचे १२०० तास, म्हणजे ४० श्रेयांक. महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमासाठी एका सत्रास २० ते २२ श्रेयांक ठेवले आहेत. त्यामुळे एका वर्षाचे ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीचे १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचे १६० ते १७६ श्रेयांक होतात.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांनी श्रेयांक व सत्र पद्धती पूर्वीपासून अनुसरली आहे. कोकणातील कृषी पदवीधरांना म्हणूनच हा शब्द अपरिचित वाटणार नाही. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून आपल्या अभ्यासक्रमांत श्रेयांकाधारित सत्र पद्धती आणली. युरोपातील देशांनी १९८९ पासून अशीच एक समान मोजणी सुरू केली. तेथे पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक दिले जातात आणि विद्यार्थी एका देशातील अभ्यास दुसऱ्या देशातील विद्यापीठात दाखवू शकतो. देशांच्या सीमा ओलांडून जे होऊ शकते, ते मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये का होऊ नये, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

श्रेयांकांची पेढी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये या प्रश्नाचा विचार झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये त्यासाठी नियम प्रसिद्ध केले. त्यातून 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स', म्हणजे श्रेयांकांची पेढी, अस्तित्वात आली. महाराष्ट्रात नवीन धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांची अंमलबजावणी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली.

पेढी म्हटल्यावर तिचा व्यवहार कसा चालतो हे समजून घेणे आवश्यक आहे. विद्यार्थी डिजिलॉकरच्या साहाय्याने आपले खाते उघडतो. त्याला १२ अंकी क्रमांक मिळतो. हाच क्रमांक आता 'अपार' या नावाने शाळेपासूनच्या शैक्षणिक नोंदींसाठीही वापरला जातो. विद्यार्थी एखाद्या विषयात उत्तीर्ण झाला की त्या विषयाचे श्रेयांक त्याची शिक्षणसंस्था खात्यावर जमा करते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. विद्यार्थी स्वतः श्रेयांक जमा करू शकत नाही. गुणपत्रिका घेऊन तो पेढीकडे गेला तर तिचा उपयोग होणार नाही. भरणा करण्याचा अधिकार केवळ नोंदणी झालेल्या संस्थेचा आहे. ज्या विषयात विद्यार्थी अनुत्तीर्ण आहे, त्याचे श्रेयांक अर्थातच जमा होत नाहीत.

जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. त्या मुदतीत विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेऊन ते तेथे दाखवू शकतो. आवश्यक तेवढे श्रेयांक पूर्ण झाले आणि पदवी मिळाली की ते खात्यातून वजा होतात. एकाच श्रेयांकांवर दोन पदव्या घेता येत नाहीत. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक या पेढीत घेतले जातात. त्यापूर्वी शिक्षण सोडलेल्यांना जुन्या पद्धतीनेच, म्हणजे गुणपत्रिका व अभ्यासक्रमाची प्रत घेऊन, नव्या विद्यापीठाकडे जावे लागते.

शिक्षण मध्येच थांबवावे लागले, तर त्याचाही विचार या व्यवस्थेत आहे. पहिले वर्ष पूर्ण करून, त्यास जोडून उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम केल्यास प्रमाणपत्र मिळते. त्याच रीतीने दोन वर्षांनंतर पदविका मिळते. असा विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करू शकतो. पूर्वी दोन वर्षे शिकून घरी बसलेल्या मुलीच्या हाती 'अपूर्ण पदवी' याशिवाय काही राहत नसे. आता तिच्या दोन वर्षांना नाव आहे आणि किंमतही आहे.

एका उदाहरणाने

गागोद्यासारख्या गावातील एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. पेण, रोहा अथवा अलिबाग येथील एखाद्या महाविद्यालयात तिने कला शाखेचे पहिले वर्ष पूर्ण केले. ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. दोन सत्रांचे मिळून तिच्या खात्यावर ४४ श्रेयांक जमा झाले. पुढे लग्न होऊन ती पुणे जिल्ह्यात गेली आणि तेथील महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याचे तिने ठरविले. पदवीसाठी एकूण १३२ श्रेयांक हवेत. मुंबईचे ४४ आणि पुण्याचे ८८ मिळून ते पूर्ण होतात.

आता हीच विद्यार्थिनी दुसरे वर्ष संपवून गेली असे समजू. तिच्या खात्यावर ८८ श्रेयांक आहेत आणि तिला केवळ ४४ हवे आहेत. वरवर पाहता ही बाजू अधिक सोपी वाटते. परंतु नियम असा आहे की, जी संस्था पदवी देणार तिच्याकडून किमान निम्मे श्रेयांक मिळविलेले असले पाहिजेत. १३२ चे निम्मे ६६ होतात. नव्या विद्यापीठात तिचे ४४ च होणार. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीसाठी हा हिशेब पुरा पडत नाही. तिने चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्यावयाचे ठरविले, तर मात्र जुने ८८ आणि नवे ८८ असे १७६ श्रेयांक होऊन अट पूर्ण होते. तात्पर्य, विद्यापीठ बदलावयाचे असेल तर ते पहिल्या वर्षानंतर बदलणे हिताचे. दुसऱ्या वर्षानंतर बदलण्यापूर्वी पदवी कोणते विद्यापीठ देणार, हे लेखी विचारून घ्यावे. शक्य असल्यास ज्या ठिकाणी दोन वर्षे झाली तेथेच उरलेले वर्ष पूर्ण करण्याचा मार्ग शोधावा. 'स्वयम्' या राष्ट्रीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून, संस्थेच्या मान्यतेने, एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा आहे. तिचाही येथे उपयोग होऊ शकतो.

पेढी काय करू शकत नाही

कोणतीही व्यवस्था तिच्या मर्यादांसह समजून घेतली पाहिजे. पेढीत श्रेयांक जमा असणे म्हणजे नव्या विद्यापीठात प्रवेश मिळणे नव्हे. तेथे जागा रिक्त असली पाहिजे. आधीच्या विद्यापीठातील विषय आणि नव्या विद्यापीठातील विषय यांची समकक्षता ठरविण्याचा अधिकार प्रवेश देणाऱ्या संस्थेकडेच आहे. मुख्य विषय जुळत असेल तर काम सोपे होते. इतिहासाचे श्रेयांक रसायनशास्त्राच्या पदवीसाठी चालणार नाहीत, हे उघड आहे. माप एक झाले म्हणून भात आणि नाचणी एक होत नाही. विधी, वैद्यक, अध्यापनशास्त्र अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्यांच्या शिखर परिषदांचे नियम लागू असतात.

जुनी कागदपत्रेही संपलेली नाहीत. महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका व नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र यांची आवश्यकता सामान्यतः असतेच. विषयांची समकक्षता तपासण्यासाठी अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत जवळ असल्यास वेळ वाचतो. शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने नव्या महाविद्यालयात तिच्या अर्जाची व्यवस्था पहिल्याच महिन्यात पाहावी.

सर्वांत अधिक अडचण येते ती नावाची. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारपत्रावर शेवटी. एका ठिकाणी वडिलांचे नाव पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी केवळ आद्याक्षर. अशा लहान फरकांमुळे खाते आणि गुणपत्रिका यांची जोडणी होत नाही. विवाहित मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. लग्नानंतर आधारपत्रावरील नाव बदलले जाते आणि विद्यापीठाच्या दप्तरी माहेरचेच नाव राहते. मग एकाच व्यक्तीचे श्रेयांक दोन नावांत विभागले जातात. पदवी हाती येईपर्यंत शैक्षणिक नोंदीतील व आधारपत्रावरील नाव बदलण्याची घाई करू नये, हा सल्ला मुलींना व त्यांच्या सासरच्या मंडळींना आवर्जून द्यावा. नाव बदललेच असेल, तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र अथवा राजपत्रातील नोंद जवळ ठेवून दोन्ही विद्यापीठांना ते वेळेवर कळवावे.

गावपातळीवरील काम

हा विषय विद्यापीठाच्या कार्यालयांपुरता आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वास्तविक त्याची सुरुवात गावातून होते. बारावीच्या वर्गशिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख आणि आधारपत्र यांचा मेळ परीक्षेचे अर्ज भरण्यापूर्वी घालून द्यावा. खाते उघडण्यासाठी आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक लागतो. तो अनेकदा काकांचा अथवा शेजाऱ्याचा असतो. असे क्रमांक वेळीच बदलून घ्यावेत. विद्यार्थी सज्ञान नसेल तर अपार क्रमांकासाठी पालकांची संमती लागते. ती मागताना या क्रमांकाचा उपयोग कशासाठी आहे हे पालकांना समजेल अशा शब्दांत सांगावे.

महाविद्यालयांच्या परीक्षा विभागांनी प्रत्येक सत्राचे निकाल लागताच श्रेयांक जमा होतात की नाही, याची खातरजमा करावी. विद्यार्थ्यानेही दर सत्रानंतर आपले खाते पाहावे. पासबुक पाहिल्याशिवाय आपण पैशाचा व्यवहार करीत नाही. शिक्षणाच्या बाबतीतही तीच सवय लागली पाहिजे. श्रेयांक जमा झाले नसल्यास त्याच महाविद्यालयात असताना तक्रार करणे सोपे असते. गाव व विद्यापीठ सोडून गेल्यावर तेच काम चार फेऱ्यांचे होते.

ग्रामपंचायत सदस्यांना दोन गोष्टी सहज करता येतील. मागील काही वर्षांत पदवीचे शिक्षण अर्धवट सोडलेल्या मुलामुलींची यादी गावात करावी आणि त्यांपैकी कोणाची परत येण्याची मुदत अद्याप शिल्लक आहे ते पाहावे. दुसरे म्हणजे, ग्रामसभेत वर्षातून एकदा या विषयाची माहिती जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांकडून द्यावी. पेण आणि रोहा परिसरातील आदिवासी वाड्यांवरील कुटुंबे कामासाठी वर्षातील काही महिने गाव सोडून जातात. त्यांच्या मुलांच्या बाबतीत ही माहिती घरोघर पोहोचविण्याची विशेष गरज आहे, कारण स्थलांतराची सर्वाधिक झळ त्यांनाच लागते.

प्रमाणपत्र आणि ज्ञान

विनोबांनी प्रमाणपत्रे जाळली, म्हणून त्यांचे शिक्षण थांबले नाही. १९१६ च्या जून महिन्यात ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढे वाई येथे प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी वेदान्ताचे अध्ययन केले. अनेक भाषा आत्मसात केल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. वाईच्या त्या अध्ययनाला कोणत्याही विद्यापीठाने श्रेयांक दिले नाहीत आणि विनोबांना त्यांची आवश्यकताही वाटली नाही.

परंतु प्रमाणपत्र स्वतःच्या हाताने चुलीत टाकणे आणि ते कार्यालयाच्या खिडकीवर निरुपयोगी ठरणे यांत फार मोठे अंतर आहे. पहिला विनोबांचा निर्णय होता. दुसरा प्रसंग सामान्य घरातील मुलांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध येतो. नोकरी, बदली, लग्न, आजारपण, पावसाने बुडालेले शेत, अशा कारणांनी माणसाला गाव बदलावे लागते. त्यासोबत त्याने केलेला अभ्यास मागे राहू नये, एवढीच या व्यवस्थेमागील अपेक्षा आहे. नियम झाले आहेत, पेढी उघडली आहे. गागोद्यातून निघालेल्या विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्याबरोबर पुण्याला, नाशिकला किंवा नागपूरला पोहोचतात की नाही, हे आता त्याचे नाव अचूक लिहिणारे शिक्षक, वेळेवर भरणा करणारे महाविद्यालय आणि त्याला वेळीच आठवण देणारी ग्रामपंचायत यांच्यावर अवलंबून आहे.